मोठ्याबाईंची खिडकी

"बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?"

"तूच तर भरलीस काल."

"आई, विचारावं लागतं सगळ्यांना. नुसतं हो म्हणा."

"हो कसं म्हणू? हात तरी लावू दिलास का मला बॅगेला?"

मागे रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. काउंटरच्या आत सून, बाहेर चाकाच्या खुर्चीत सासू, आणि मधे वजनकाट्यावर एक निळी बॅग. सुनेने बॅगेला चिठ्ठी अडकवली, पट्ट्यावर ढकलली आणि ती रबरी पडद्याआड जाईपर्यंत मान वर केली नाही. पांघरुणं धाकट्या दिराकडे आहेतच म्हणून इथेच ठेवली, भांडी तिकडे आहेतच म्हणून ठेवली, असं करता करता एका बाईचा सगळा संसार भरूनही ती बॅग अर्धी रिकामी राहिली होती. काल ते बघून सुनेला जे वाईट वाटलं ते अजून उतरलं नव्हतं.

"चौथी रांग, डावीकडची खिडकी," ती म्हणाली. "पंखाच्या पुढे आहे, पंख आडवा येणार नाही. काचेवर ओरखडे नाहीत, साफसफाईवाल्यांना विचारून घेतलंय. विमानानं जमीन सोडली की लगेच खाली बघायचं. पट्टा सोडायचा नाही, फक्त मान वळवायची. लक्षात राहील ना?"

"लक्षात राहील गं. मान वळते का ते बघू." सासूने सुनेच्या गणवेशाकडे एकदा खालीवर पाहिलं. "कॉलरला इस्त्री नाहीये तुझ्या."

"सकाळी वेळ कुठे होता?"

"तेही खरंच. माझंच आवरत होतीस."

खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने खुर्ची वळवली. सून पुढच्या प्रवाशाकडे वळली. त्याच्या मागे अजून बरीच रांग होती.

या विमानतळावर तिला सगळे खिडकीबाई म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग तेच नाव पडलं. लोकांना वाटतं खिडकी म्हणजे खिडकी. तसं नसतं. पंखावरच्या रांगेत बसलात तर शेजाऱ्याच्या पत्र्याच्या छपराकडे बघावं तसं नुसत्या पंखाकडे बघत जायचं. एक रांग तर अशी, की तिकिटावर खिडकी असते आणि शेजारी सपाट भिंत. त्यातून उन्हाची बाजू आली तर डोळे मिटूनच प्रवास. आणि हे सगळं जमलं तरी मुख्य गोष्ट राहतेच, ती म्हणजे डावं की उजवं. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. इथे धावपट्टीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गाव. सकाळचा वारा दक्षिणेचा, तेव्हा विमान दक्षिणेकडे उडतं आणि गाव येतं डाव्या हाताला. उन्हं चढली की वारा फिरतो, मग विमान उलट्या टोकाकडून उत्तरेला उडतं आणि तेच गाव उजव्या हाताला येतं. चुकीच्या बाजूला बसलेल्याला निळं पाणी दिसतं. तेही वाईट नसतं म्हणा. पण ज्याला आपलं घर बघायचंय त्याला पाणी काय करायचंय?

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि हे येतं म्हणून पगारही वाढला नव्हता. दिवसभर उभं राहून टाचा भरून येत. लोक येत ते घाईत येत, नाहीतर रागात. त्यात दिवसाकाठी एखाद्याला बरी खिडकी काढून दिली की आपण आज कोणाला काही दिलं असं वाटे. बाकी त्या काउंटरवरून देण्यासारखं होतं काय?

सासू विमानतळासमोरच्या चढावर, मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत मुकादम होती. उमेदीची सगळी वर्षं तिने तिथे काढली. सगळ्या वॉर्डांच्या चादरी धुऊन मागच्या पटांगणात दोऱ्यांवर पडत, आणि त्या दोऱ्यांवर तिची सत्ता. हाताखालच्या बायका तिला मोठ्याबाई म्हणत. डॉक्टरसुद्धा म्हणत. वरून विमान गेलं की चिमटा तोंडात धरून ती वर बघे, आणि पुन्हा कामाला लागे.

एकदा कंपनीने सुनेला प्रशिक्षणाला पाठवलं तेव्हा ती पहिल्यांदा विमानात बसली. वर गेल्यावर तिला इस्पितळाचं पटांगण दिसलं. हिरव्या चढावर पांढऱ्या चादरींच्या रांगा, पाटीवर खडूने रेघा ओढाव्यात तशा. घरी आल्यावर तिने ते सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच सासू तिचं बोलणं मधे न तोडता ऐकत राहिली. पुढे कितीतरी दिवस भाजी निवडताना मधेच विचारायची, "खरंच दिसतात का गं?" "बायका पण दिसतात?" "एवढ्या उंचावरून आपलं पटांगण कसं ओळखू येतं?" तिने कधी दागिना मागितला नाही, कुठे फिरायला न्या म्हणाली नाही. हे एवढंच तिला बघायचं होतं. आणि बघायचा योग आला तो असा, घर सोडून कायमचं जाताना.

गॅस दोनदा चालू राहिला होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. सून सकाळी बाहेर पडायची, मुलगा संध्याकाळी उशिरा यायचा, आणि म्हातारी दिवसभर एकटी. धाकट्याचं घर तळमजल्यावर, त्याची बायको घरात असते. सगळं पटण्यासारखंच होतं. पण तोंड उघडलं ते सुनेने. एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्याच्यानं आता होत नाही." नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे बोलणं ऐकायला गोड वाटतं, पण त्यात सगळं ओझं आपल्याच डोक्यावर येतं हे तिला पुरतं कळत होतं. आज सकाळी नवऱ्याने आईला वाकून नमस्कार केला, डोळे पुसले आणि कामावर गेला. त्याला रजा नव्हती. पोचवायचं राहिलं सुनेकडे, कारण ती तशीही विमानतळावरच जात होती.

म्हणून ती खिडकी. तेवढं तरी आपल्या हातून धड व्हावं, असं तिने मनाशी घेतलं होतं.

आणि नेमका विमानाला उशीर झाला. येणारं विमानच मागच्या गावाहून निघालं नव्हतं. तासभर, मग आणखी थोडा वेळ, अशा घोषणा होत राहिल्या, आणि तिने काउंटरवर वैतागलेल्या लोकांना तोंड देत देत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. उन्हं चढत होती.

तिने आधी लाँड्रीत फोन लावला. तिथे आता ठेंगणी मुकादम होती. ती सासूच्याच हाताखाली शिकलेली.

"अहो वहिनी, सकाळपासून माना वर करून उभ्या आहोत आम्ही," ठेंगणी म्हणाली. "कुठे अडलं विमान?"

"उशीर आहे. चादरी काढू नका, एवढं सांगायला फोन केला."

"वाळून पापड झाल्यात हो. वॉर्डातून दोनदा निरोप आला."

"मग?"

"मग काय मग? मोठ्याबाई वरून जाणार म्हटल्यावर काढतोय होय आम्ही? वॉर्डाला सांगते ओल्या आहेत म्हणून. तुम्ही नीट बसवलंय ना त्यांना? तुमच्या त्या बरोबर बाजूला?"

"बसवलंय," ती म्हणाली, आणि फोन ठेवताना तिने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

कारण बाजू आता बरोबर राहील का, तोच प्रश्न होता. तिने दुसरा फोन वरच्या मजल्यावर लावला. तिथे हवेचं बघणारे एक काका बसत. निवृत्तीला आले होते आणि सगळ्या जगाला कंटाळले होते.

"काका, वारा फिरेल का हो विमान निघेपर्यंत?"

"वारा काय माझ्या खिशात आहे?"

"तसं नाही, अंदाज सांगा."

"रोज फिरतो तसा आजही फिरेल, बहुतेक. तुझं गिऱ्हाईक आहे वाटतं कोणी खास?"

"सासू आहे."

"मग फिरू दे की," काका म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

फिरेल, एवढंच तिने ऐकलं. पुढचं 'बहुतेक' तिने कानाआड केलं. माणूस दमला की त्याला हो किंवा नाही हवं असतं, बहुतेक नको असतं. तिने संगणकात बघितलं. उजवीकडची एकच खिडकी उरली होती, तीही पुढेच. तिने सासूला तिथे घातलं, नवीन पास काढला, शेजारच्या काउंटरवरच्या बाईला "दोन मिनिटं बघ गं" म्हणाली आणि विमानात सोडायच्या फाटकाकडे जवळजवळ पळत निघाली.

सासू काचेजवळ खुर्चीत बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"आई, जागा बदललीये. हा पास घ्या. आता उजवीकडे."

"का? होती ती बरी होती की."

"उशीर झाला ना. आता वारा फिरणार आहे."

"वारा फिरू दे. मी कशाला फिरू?"

"वारा फिरला की विमान उलटं उडतं, मग आपलं गाव उजवीकडे येतं. डावीकडे नुसतं पाणी."

सासूने पास हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "अगं, पण तू मगाशी डावं म्हणालीस. मी मघापासून डावं डावं घोकत बसलीये. आता या वयात किती वेळा घोकायचं?"

"आई, ऐका ना माझं."

"ऐकतेच आहे. आणखी काय करतेय?" ती म्हणाली. मग सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून तिचा आवाज जरा उतरला. "बरं बाई, उजवं. तुला कळतं त्यातलं. तू काही खाल्लंस का सकाळपासून?"

"खाईन."

"खाशील कसली. जा, रांग वाढली असेल तुझी."

सून वाकली. पायाला हात लावावा की गळ्यात पडावं हे तिला कळेना. ते कळेपर्यंत फाटकावरचा दाढीवाला "चाकाच्या खुर्चीवाले आधी" असं ओरडला, आणि तिचा हात सासूच्या खांद्यावर नुसता टेकून राहिला. सासूने तो हात थोपटला आणि बाजूला केला. खुर्ची विमानाकडे जाणाऱ्या बोगद्यात शिरली. सासूने मागे वळून पाहिलं नाही. मान वळत नव्हती तिची, हे सुनेला ठाऊक होतं. तरी तिला ते लागलं.

काउंटरवर परत आल्यावर ती काम करत राहिली. काउंटरच्या मागे मोठी काच होती आणि काचेतून धावपट्टीचा तुकडा दिसे. धावपट्टीच्या कडेला खांबावर वारा दाखवणारी नारिंगी कापडी नळी. एरवी ती त्या नळीकडे बघून खिडक्या द्यायची. आज सकाळनंतर बघायलाही फुरसत झाली नव्हती. विमान मागे सरकून वळलं तेव्हा तिने एका बाईचा पास छापायला लावला आणि मागे वळून पाहिलं.

नळी सकाळी जिकडे फुगली होती तिकडेच फुगली होती.

विमान सकाळच्याच टोकाकडे निघालं.

तिने फाटकावर फोन लावला. "दार बंद झालं?"

"केव्हाच," दाढीवाला म्हणाला. "का, काय राहिलं?"

"काही नाही."

वर काकांना फोन करायला तिचा हात गेला होता, पण ते काय म्हणणार हे तिला माहीत होतं. ते बहुतेक म्हणाले होते आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. चौथ्या रांगेतली डावी खिडकी म्हातारीला सकाळीच मिळाली होती. कोणी काही केलं नसतं, आपण नुसते गप्प बसलो असतो, तर तिला सगळं दिसलं असतं. विमान धावलं, उचललं गेलं, दक्षिणेकडे चढलं. डाव्या अंगाला इस्पितळाचा चढ, चढावर पटांगण, पटांगणात थांबून राहिलेल्या चादरी. उजव्या अंगाला समुद्र. सून काचेला पाठ लावून उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि समोर माणसं होती.

"मॅडम," समोरचा तरुण म्हणाला, "खिडकी मिळेल का? बाहेरचं चांगलं दिसेल अशी? तुम्ही छान देता म्हणतात."

"कुठेही बसा," ती म्हणाली. "सगळीकडून सारखंच दिसतं."

तो ओशाळला. मग तिने त्याला खिडकी दिली, बरीशी बघून दिली. कुठली बाजू ते मात्र त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

दुपारी पाळी संपता संपता फोन आला. धाकट्याने लावून दिला होता. मागे गाड्यांचे आवाज होते.

"पोचले गं," सासू म्हणाली. "बॅग आली. खुर्ची ढकलणारी मुलगी इथली जास्त चांगली आहे, तुमच्याकडचा माणूस धक्के देत होता."

"आई, दिसलं का?"

"पाणी दिसलं. पुष्कळ पाणी."

"वारा फिरलाच नाही हो."

"ते कळलं मला. मी मान ताणून पलीकडे बघायला गेले. तुझ्या त्या चौथ्या रांगेत एक जाडा माणूस बसला होता. त्यानं बसल्या बसल्या खिडकीचं झाकण खाली ओढलं आणि झोपला. घोरत होता चांगला."

"माझं चुकलं, आई. तुम्ही होतात तिथेच राहू द्यायला हवं होतं मी तुम्हाला." एवढं बोलल्यावर तिचा आवाज फुटला. विमानतळाच्या मागच्या जिन्यात उभी राहून ती तोंडावर रुमाल दाबून रडली. खिडकीसाठी रडत होती की कशासाठी, ते दोघींनाही माहीत होतं.

सासूने तिला रडू दिलं. समजूत घालण्याची सवय तिला कधी नव्हती. "झालं ते झालं," ती अखेर म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर मला चढवत नव्हतं, हे काय खोटं आहे? आता डोळे पूस आणि माझं ऐक. त्या बायकांनी चादरी ठेवल्या होत्या का गं?"

"ठेवल्या होत्या. वॉर्डाची बोलणी खाऊन ठेवल्या."

"मग त्यांना जाऊन सांग, दिसलं म्हणून."

"मी?"

"मग कोण? मला खोटं बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. तू सांग. जाता जाता वाटेतच आहे." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "खाऊन घे आधी काहीतरी."

इस्पितळाचा चढ तिला एरवी जाणवत नसे, आज पाय उचलवत नव्हते. लाँड्रीच्या मागच्या दारातून ती पटांगणात आली. ऊन उतरायला लागलं होतं. बायका अजून सकाळच्याच चादरी काढत होत्या. दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून घड्या घालत होत्या, आणि निम्म्याअधिक दोऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. तिला बघून सगळ्याजणींचे हात थांबले.

"आल्या, वहिनी आल्या," ठेंगणी पुढे आली. तिच्या काखेत चादरींचा गठ्ठा होता. "पोचल्या का मोठ्याबाई? दिसलं का त्यांना?"

"दिसलं."

"सगळं?"

"सगळं दिसलं. तुम्हीसुद्धा दिसलात."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एकीने दुसरीला कोपर मारलं, "तरी म्हणत होते, हात वर कर." पण ठेंगणी हसली नाही. ती सुनेच्या तोंडाकडे बघत होती. रडून सुजलेले डोळे लपण्यासारखे नव्हतेच. मोठ्याबाईंबरोबर तिने अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि मोठ्याबाई नुसतं 'दिसलं' म्हणून गप्प बसतील यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

"काय म्हणाल्या?" तिने विचारलं. "काहीतरी म्हणाल्याच असतील."

सुनेने दोऱ्यांकडे पाहिलं. मग सासूचाच आवाज तिच्या तोंडी आला, आपण बोलतोय हे कळायच्या आत.

"म्हणाल्या, मागच्या दोरीवरची एक चादर वाकडी घातलीये. एवढी वर्षं शिकवलं, तरी यांना सरळ घालता येत नाही."

पटांगणात एकच हशा उसळला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. "वरून पण!" "विमानातून पण सोडलं नाही बाईनं!" एक म्हातारी हसता हसता डोळे पुसायला लागली. आता कोणालाच शंका राहिली नव्हती.

ठेंगणीने काखेतला गठ्ठा दगडावर ठेवला. ती मागच्या दोरीपाशी गेली. तिथे अजून चार-पाच चादरी राहिल्या होत्या, आणि त्याही आता काढायच्याच होत्या. तिने एकेक नीट पाहिली. एकीचं टोक जरासं खाली लोंबत होतं. तिने चिमटा काढून तोंडात धरला, चादर झटकली, दोन्ही टोकं जुळवून पुन्हा दोरीवर घातली, दोन पावलं मागे येऊन पाहिली, आणि मगच ती उतरवून घडी घालायला सुनेला हाक मारली.